घुराबच्या खांद्यावरचे पांढरे दगड

१

खल्फानने कहव्याचा फिंजान, म्हणजे कडू कॉफीचा इवलासा पेला, हातात घेतला, तोंडाला लावला नाही, आणि चटईवर खाली ठेवून दिला.

गावच्या निवृत्त शाळाबाई अब्ला गालियांच्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली. आमच्या ओमानी डोंगरांत याचा अर्थ शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पाहुण्याने फिंजान खाली ठेवला म्हणजे तो काही मागायला आलाय. यजमानाने म्हणायचं, 'पी बाबा, दिलं.' मग पाहुणा पितो. मागणं मान्य नसेल तर कहवा निवतो, आणि दोन घरांचं येणंजाणंही त्याच्याबरोबर निवतं.

आणि ठेवणारा कोण, तर खल्फान! याच चटईवर लोळत मोठा झालेला. इतरांनी एका फिंजानानंतर 'बस' म्हणून तो हलवून परत द्यावा. याने कधी हलवलाच नाही. न हलवता पुढे करायचा, म्हणजे 'आणखी ओता'. अब्ला म्हणायच्या, "तुझ्यापायी मला वेलदोड्याचं शेत घ्यावं लागेल रे!"

"बोल," आता त्या एवढंच म्हणाल्या.

"अब्ला, तुम्ही मला शिकवलंत, माझ्या धाकट्या भावाला, मुहन्नाला, शिकवलंत. तुमच्यापुढे आवाज चढवणार नाही." खल्फानची नजर चटईवर होती. "हिलालला मशिदीसमोर उभा करा. त्याने गावादेखत म्हणावं, मी डोंगरावर खुणा लावल्याच नव्हत्या, खोटं बोललो, आणि माझ्या हयगयीने मुहन्ना गेला. मला भरपाई नको, कोर्टकचेरी नको. तेवढे शब्द हवेत."

हिलाल म्हणजे अब्लांच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. त्यांनीच वाढवलेला. वाट नसलेल्या शिखरांवर लोकांना घेऊन जाणं हा त्याचा धंदा. हल्ली मस्कतच्या लोकांना असल्याच शिखरांचं वेड लागलंय. हे शब्द तो बोलला तर त्याच्यामागे कोणी डोंगर सोडा, गच्चीसुद्धा चढणार नाही. न बोलला तर गावात त्याच्या सलामाला कोणी उत्तर देणार नाही. तसं ते बंद झालंच होतं.

'पी' म्हणणं अब्लांच्या ओठांवर आलं नाही. खल्फान उठला, सलाम केला आणि गेला. भरलेला फिंजान चटईवर राहिला.

मोलकरीण तो उचलायला वाकली तशा अब्ला कडाडल्या, "हात लावू नकोस! तो प्यायला जाईपर्यंत तिथेच राहील."

२

"खाला, मी लावल्या होत्या," हिलाल म्हणाला. "आता कितव्यांदा सांगू?"

"मी शाळा सोडली असेल, तपासणं नाही सोडलं. पहिल्यापासून सांग."

चौघं गेले होते जबल घुराबवर: हिलाल, मुहन्ना आणि मस्कतचे दोन मित्र, इद्रीस आणि बद्र. घुराब म्हणजे कावळा. गावातून पाहिलं तर डोंगर बसलेल्या कावळ्यासारखा दिसतो, चोच नेमकी मावळतीला. मक्काही आम्हाला मावळतीलाच. म्हणून गावात पोरांना शिकवतात, डोंगरात हरवलात तर चोचीकडे तोंड करा आणि नमाज पढा. वर जायला वाट नाही. काळा, धारदार खडक आणि मध्येमध्ये सारख्या दिसणाऱ्या घळी. चढताना चूक होत नाही, वरवर जात राहायचं. उतरताना प्रत्येक घळ म्हणते, मीच ती. त्यांतल्या एकीच्या तळाला सरळ कडा आहे.

"पहिला टप्पा डोहापर्यंत," हिलाल सांगू लागला. "तिथे बद्रचं पोट दुखायला लागलं. तो म्हणाला, तुम्ही जा, मी इथेच बसतो. आम्ही तिघं वर गेलो. इद्रीस आणि मुहन्ना पुढे, मी मागे, दगडांच्या लगोऱ्या रचत. प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक पांढरा दगड ठेवत होतो."

"पांढरा कुठून आणलास? घुराब तर तव्यासारखा काळा."

"वादीच्या कोरड्या पात्रातून पिशवी भरून नेतो, खाला. धुकं आलं की काळ्यावर काळं दिसत नाही."

धुकं आलंच. डोंगराच्या खांद्यावर, जिथे उतार संपून कडेची सोंड सुरू होते, तिथे इद्रीसचा गुडघा मुरगळला. ठरलेलं असं होतं की हवा बिघडली तर सगळ्यांनी पलीकडच्या शेळ्यांच्या वाटेने उतरायचं. लांबची, पण सोपी वाट. हिलाल इद्रीसला घेऊन त्या वाटेने निघाला. मुहन्ना अडून बसला.

"म्हणाला, शिखर हाताशी आलंय, शिवून येतो. आणि मी तुझ्या लगोऱ्यांवरूनच उतरेन, खाली डोहावर बद्र एकटा वाट बघत असेल, त्याला कोण आणणार?" हिलाल उठून उभा राहिला. "मी नको म्हणालो, खाला. पण हट्टी माणूस..."

मुहन्ना कड्याच्या घळीत सापडला. शोधायला गेलेल्यांनी त्याला खालूनच उचलून आणला. सरकारदरबारी अपघात म्हणून नोंद झाली. पण खल्फान नंतर अर्ध्या उतारापर्यंत जाऊन पाहून आला. एक लगोरी नाही. एक पांढरा दगड नाही.

"मग तुझे दगड गेले कुठे?" अब्लांनी विचारलं. "त्यांना काय पाय फुटले?"

 

३

दुसऱ्या दिवशी मस्कतहून इद्रीस आणि बद्र दोघंही मातमपुरशीला, खल्फानच्या घरच्यांचं सांत्वन करायला, आले. गावात येऊन अब्लांच्या हातची पापडासारखी रखाल-रोटी आणि मध खाल्ल्याशिवाय कोणी परत जात नाही. अब्लांनी दोघांना पोटभर खायला घातलं आणि मग धुवायला घेतलं.

इद्रीस फोटो काढणारा. गुडघा टम्म सुजलेला, कोणी सोंग म्हणेल तर त्याने दाबून बघावं.

"हिलालने लगोऱ्या रचल्या का?"

"अब्ला, मी पुढे होतो. मागे वळून पाहिलं की तो वाकलेला दिसायचा. दगड रचत होता की बुटाची नाडी बांधत होता, हे शपथेवर कसं सांगू?"

"सगळ्या जगाचे फोटो काढतोस, आणि मित्राचा एक नाही काढलास?"

"धुक्याचे काढले," इद्रीस ओशाळून म्हणाला.

बद्र इंजिनिअर. टापटीप, पाच वेळचा नमाजी, मनगटावर मोठं घड्याळ. उंची, हवा, दिशा, सगळं दाखवणारं. त्याची गोष्ट साधी होती. डोहाच्या वर तो गेलाच नाही. संध्याकाळ होईपर्यंत वाट पाहिली, कोणी आलं नाही, मग उतरला.

"एकट्याला कंटाळा नाही आला?"

"झोपलो होतो. पोटाने जीव नकोसा केला होता." मग आपणहूनच म्हणाला, "हिलालवर माझा राग नाही, अब्ला. तसंही लगोऱ्या मला पसंत नाहीत. डोंगरावर माणसाची खूण कशाला? आज लगोरी, उद्या रंगाचे बाण, परवा बाटल्यांचा खच. जिथे कोणी जात नाही ती जागा तशीच राहिली पाहिजे."

"मग तू कशाला जातोस?" अब्लांनी विचारलं. इद्रीस फस्सकन हसला. बद्र नाही हसला.

तेवढ्यात मशिदीतून तिसऱ्या प्रहराची बांग झाली. बद्र उठला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट त्याच्या डोळ्यांत येत होतं. त्याने डोळे किलकिले केले, मनगट वर धरलं, घड्याळ न्याहाळलं, मग पाय सरकवून खिडकीकडे तोंड केलं.

"अरे, सूर्य नाकावर येऊन बसलाय तुझ्या, आणखी कसली खूण हवी?"

"घड्याळ चुकत नाही, अब्ला," तो शांतपणे म्हणाला. "सवय आहे."

त्याचा नमाज होईपर्यंत अब्ला चटईवरच्या फिंजानाकडे बघत बसल्या. वर तवंग धरला होता. गुडघ्याचा माणूस खरा वाटत होता, पोटाचा माणूस भला वाटत होता, आणि लगोऱ्या तर हवेत विरल्या होत्या. बाकी राहिली एकच व्यक्ती, जिचा घुराबवर रोजचा वावर.

४

नसरा शेळ्यांमागे फिरणारी. तोंडाने फटकळ. अब्लांची आणि तिची मैत्री जुनी, म्हणजे भांडणं जुनी.

"लगोऱ्या?" ती म्हणाली. "मीच पाडते की!"

अब्लांनी डोळे वटारले.

"बघतेस काय अशी? गेल्या हिवाळ्यात कोणीतरी डोहापर्यंत लगोऱ्यांची रांगच लावली. मग काय, आली वरात! डोहात पाय धुतले, साबण लावला. माझ्या शेळ्यांनी काय प्यायचं, फेस? लाथेने उडवल्या सगळ्या."

"आणि मुहन्नाच्या दिवशी?"

नसराने हातातली काठी खाली ठेवली.

"त्या दिवशी मी इथेच होते ग. शेळी व्यालेली, आडवं पिल्लू. अर्धं गाव मदतीला आलं होतं, विचार कोणालाही. आणि एक ऐक, मी डोहाखालच्या पाडते. वरच्या कधी नाही. वर गेलेला माणूस खाली यायला नको का? मी चिडकी आहे, खाटीक नाही."

"मग चल माझ्याबरोबर वर."

"या वयात? गुडघे आहेत का तुझे?"

"तुझ्याहून बरे आहेत. चल."

५

चढताना नसरा शेळीसारखी आणि अब्ला काठी टेकत, थांबत, दोघी एकमेकींना शिव्या घालत वर गेल्या. उतारावर खरोखरच काही नव्हतं. काळा दगड, काळी सावली. पांढरं म्हणावं असं नखाएवढंही नाही.

खांद्यावर पोहोचल्यावर अब्ला धापा टाकत बसल्या आणि नसरा मोठमोठ्याने हसायला लागली.

"काय झालं?"

"हे बघ तरी! हा कोण शहाणा?"

सपाट जागेवर दगडांची एक ओळ मांडलेली होती. वाटसरू मांडतात तशी, मधोमध पुढे काढलेला अर्धगोल. ज्या बाजूला तो अर्धगोल फुगतो त्या बाजूला मक्का असं समजून माणूस मागे उभा राहतो आणि नमाज पढतो. डोंगरात अशा जागा पावलोपावली असतात, त्यात नवल नाही. नवल हे की इथला अर्धगोल उत्तरेला फुगला होता, समुद्राकडे.

"कावळ्याची चोच समोर लोंबतेय मावळतीला, आणि हा बाबा मासळीबाजाराकडे तोंड करून उभा!" नसराचं हसू आवरेना.

अब्लाही हसल्या. मग वाकून पाहिलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

अर्धगोलातले तीन दगड पांढरे होते.

"याला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या.

"वेडी का काय? नमाजाची जागा कोणी मोडतं का?" नसरा म्हणाली.

अब्ला तिच्याकडे बघतच राहिल्या. "बरोबर," त्या सावकाश म्हणाल्या. "कोणी मोडत नाही."

६

गुरुवारी अब्लांनी सगळ्यांना बोलावलं. निमित्त खरंच होतं: भाऊ शेवटचा जिथे उभा होता ती जागा खल्फानने अजून पाहिली नव्हती. त्याला नाही कोण म्हणणार? इद्रीस गुडघ्याला पट्टा बांधून शेळ्यांच्या वाटेने आला. बद्र आला. हिलाल सगळ्यांत मागे, खल्फानपासून अंतर ठेवून चालत होता.

खांद्यावर पोहोचले तेव्हा दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. ऊन लख्ख होतं. अब्लांनी पुढे येऊन आपली चादर त्या दगडांच्या ओळीवर आधीच पसरून ठेवली होती, आणि वर खजुराची टोपली.

"आधी नमाज," त्या म्हणाल्या. "बद्र, तू आमच्यात नेमाचा माणूस. किब्ला दाखव, मक्का कुठे ते."

बद्रने मनगट वर धरलं. घड्याळ पाहिलं. पाय सरकवले आणि उभा राहिला.

खल्फान आणि हिलाल मात्र, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, एकाच वेळी एकाच बाजूला वळले होते. कावळ्याच्या चोचीकडे. मग दोघांनी बद्रकडे पाहिलं.

"तिकडे कुठे?" खल्फान म्हणाला. "तिकडे समुद्र आहे."

"घड्याळ तर..." बद्रने पुन्हा मनगटाकडे पाहिलं.

"घड्याळ बिचारं काय करेल?" अब्ला म्हणाल्या. "या काळ्या खडकात लोखंड आहे, चुंबकासारखं ओढणारं. हे मी पोरांना वर्गात शिकवायचे. इथे होकायंत्राला वेड लागतं. म्हणून इथला माणूस चोच बघतो, नाहीतर सूर्य बघतो. धुक्यातसुद्धा पायाखालची सोंड सांगते मावळत कुठे ते. इद्रीस, टोपली उचल. हिलाल, चादर काढ."

चादर निघाली. दगडांचा अर्धगोल बरोबर बद्रच्या पायांसमोर होता आणि बरोबर तो उभा होता त्या दिशेला फुगलेला.

खल्फान खाली बसला आणि त्याने एका पांढऱ्या दगडावर हात ठेवला.

"हा वादीतला दगड आहे," तो म्हणाला.

"तुझ्या गावच्या वादीतला. हिलालने पिशवीत भरून आणलेला, लगोरीच्या डोक्यावर ठेवलेला. म्हणजे लगोऱ्या होत्या, खल्फान. आधी लगोरी झाली, मग ती मोडली, मग तिच्या दगडांची ही ओळ झाली. मांडली कोणी? हिलाल आणि इद्रीस इथून पलीकडे उतरले. मुहन्ना? बांग देणाऱ्याचा मुलगा, याच गावचा. तो समुद्राकडे तोंड करून उभा राहील? मग उरलं कोण? जो म्हणतो मी डोहाच्या वर गेलोच नाही, तो." अब्ला बद्रकडे वळल्या. "उतारावरचे पांढरे दगड तू दरीत भिरकावलेस. पण हे नाही. लगोऱ्या पाडताना तुझा हात थरथरला नाही, बाळा, पण नमाजाची जागा मोडायला तो धजला नाही. तू वाईट माणूस नाहीस. तेच तुला नडलं."

बद्रचा चेहरा राखेसारखा झाला. वाद घालायला त्याने तोंड उघडलं, मग पायांपुढच्या दगडांकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

"पोट थांबलं होतं," तो म्हणाला. "लगोऱ्या धरून वर आलो. धुकं जरा फाटलं तेव्हा पलीकडच्या वाटेवर दोघं दिसले. मला वाटलं तिसरा पुढे वळणाआड असेल. हवा बिघडली की सगळ्यांनी तिकडून उतरायचं ठरलं होतं ना! मग म्हटलं, आता या खुणांचं काम नाही. इथली लगोरी मोडली, नमाज पढलो, आणि उतरताना एकेक पाडत गेलो. शपथ घेतो, मला वाटलं डोंगरावर कोणी नाही."

"हाक मारलीस?" खल्फानने विचारलं.



"नाही."

तेव्हा हिलाल बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त बोचलं. "तो या बाजूने उतरला ते तुझ्यासाठी, बद्र. म्हणाला, डोहावर बद्र एकटा वाट बघत असेल."

बद्रने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पाडलंस तेव्हा तुला ठाऊक नव्हतं," अब्ला म्हणाल्या. "त्याचा न्याय अल्लाह करेल. पण दफनाला तू खल्फानच्या खांद्याला खांदा लावून उभा होतास. गाव या पोराच्या तोंडावर दार लावत होतं, आणि तू माझ्या घरी मध खाऊन म्हणालास, हिलालवर माझा राग नाही. तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. खाली उतरलास की आधी मुहन्नाच्या आईकडे जायचं, मग पोलिसांकडे. मी बरोबर येईन. एकटं नाही पाठवणार."

बद्रने होकारार्थी मान हलवली. खल्फानने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो पांढऱ्या दगडावर हात ठेवून रडत होता, आणि त्याला कोणी उगी केलं नाही.

७

संध्याकाळी खल्फान अब्लांच्या घरी आला. जुन्या जागेवर बसला. समोर तोच फिंजान होता, कहवा आटून तळाला काळा थर बसलेला.

"उचलला नाहीत?"

"तुझा होता. मी कशी उचलू?"

हिलाल दारात उभा होता, आत येऊ की नको अशा विचारात. अब्लांनी किटली त्याच्या हातात दिली. त्याने नवा फिंजान भरला आणि खल्फानपुढे धरला. थोडा कहवा चटईवर सांडला.

खल्फानने फिंजान घेतला. धरून ठेवला.

"मी मागितलं ते मला मिळालं नाही, अब्ला."

"नाही."

"मशिदीसमोर कोणीतरी उभं राहून बोलायचं होतं."

"हो."

"मी राहीन," खल्फान म्हणाला. "उद्या, सगळ्यांदेखत. सांगेन की खुणा होत्या. आणि सांगेन की मी त्याला खोटा म्हणालो." मग हिलालकडे वर पाहून म्हणाला, "माझं चुकलं रे."

हिलाल त्याच्याशेजारी चटईवर बसला.

खल्फानने फिंजान एका घोटात संपवला आणि, न हलवता, पुन्हा पुढे केला.